वाजवी काळजी

सरकारी नोकरीत रुजू होण्याच्या दिवशी आपण किती कागदांवर सह्या करतो, हे कुणीच मोजत नाही. वैद्यकीय दाखला, भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन, मालमत्तेचे विवरण, स्वग्रामाची नोंद. माझ्या वेळी त्या गठ्ठ्यात अर्ध्या पानाचा एक सायक्लोस्टाइल कागदही होता. ‘शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मधील तरतुदी मी वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत’ अशा अर्थाचे काहीतरी त्यावर होते. मी त्या वाचल्या नव्हत्या. त्या कार्यालयात अधिनियमाची प्रत तरी होती का, याचीच शंका आहे. मी थबकलेला पाहून शेजारच्या टेबलावरचे बडे बाबू म्हणाले, “करून टाका ना सही, चाय थंडी होऊन राहिली.” मी सही केली. चहा थंड झालाच होता.

पुढे नोकरी सोडून नागपुरात वकिली सुरू केली, तेव्हा त्या अर्ध्या पानामागचा कायदा पहिल्यांदा सलग वाचला. अवघी पंधरा कलमे. त्यातल्या पाचव्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात ‘ड’ असा एक छोटा खंड आहे. हातातल्या गोपनीय कागदाची वा माहितीची वाजवी काळजी न घेणारा किंवा तिची सुरक्षितता धोक्यात येईल असे वागणारा माणूस गुन्हेगार ठरतो, असे तो सांगतो. तिथे शत्रूशी संधान लागत नाही, पैसे घेतलेले लागत नाहीत, वाईट हेतूही लागत नाही. काळजी घेतली नाही, एवढे पुरे. माझे जुने सहकारी असलेल्या लेखकाने हे पुस्तक लिहिले ते मुख्यतः या एका खंडासाठी, आणि प्रस्तावना लिहायला मी लगेच तयार झालो तोही त्याच कारणाने. कारण हा खंड नागपूरच्या न्यायालयात सात वर्षे एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेला होता, आणि शेवटी त्याच्या पदरात तेवढाच राहिला.

ती हकीकत इथल्या वाचकांना थोडीफार ठाऊक आहे. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी ब्राह्मोस एरोस्पेसच्या नागपूर केंद्रातल्या एका तरुण अभियंत्याला अटक झाली. कारवाई उत्तर प्रदेशचे दहशतवादविरोधी पथक आणि लष्करी गुप्तचर यांची होती. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांच्या नावांतून ज्याचे नाव जुळवले, ते क्षेपणास्त्र भारत आणि रशिया मिळून बनवतात, हे त्या दिवशी पानठेल्यावरही चघळले गेले. मुलगा हुशार होता आणि संरक्षण संशोधन संस्थेचा तरुण शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार मिळवलेला होता. अभियोग पक्षाचे म्हणणे असे होते की, समाजमाध्यमांवर बायकांच्या नावाने उघडलेल्या बनावट खात्यांनी त्याला गाठले, परदेशातल्या नोकरीचे आमिष दाखवले, एका दुव्यावरून काही अ‍ॅप उतरवायला लावली आणि त्या अ‍ॅपमधून त्याच्या खासगी लॅपटॉपमधली माहिती बाहेर गेली. खात्यांचा माग पाकिस्तानपर्यंत जातो, असाही दावा होता. त्याचे नाव तेव्हा सगळ्यांनी छापले. मी ते इथे लिहीत नाही. पुढे जे घडले ते पाहता त्याची गरज उरलेली नाही.

एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला जामीन दिला. तोवर साडेचार वर्षे तुरुंगात गेली होती. ३ जून २०२४ रोजी नागपूरच्या सत्र न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या सायबर दहशतवादाच्या कलमाखाली जन्मठेप, गुपिते कायद्याखाली चौदा वर्षे सक्तमजुरी आणि तीन हजार रुपये दंड सुनावला. मग अपील झाले. १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती प्रवीण पाटील यांच्या खंडपीठाने हेरगिरी आणि सायबर दहशतवाद या दोन्ही आरोपांतून त्याला मुक्त केले. दोष कायम राहिला तो फक्त ५(१)(ड) चा, म्हणजे गोपनीय माहिती नको तिथे ठेवल्याचा आणि तिची काळजी न घेतल्याचा. शिक्षा तीन वर्षे. ती त्याने केव्हाच भोगलेली होती.

आता या तारखा शेजारी ठेवून पाहा. ज्या अपराधाची कमाल शिक्षा तीन वर्षे, त्यासाठी माणूस पहिला निकाल लागायच्या आतच साडेचार वर्षे आत बसून आला होता. कायदा मोडला, हे खरे. न्यायालयानेही ते मान्य केले. पण हेर म्हणून धरलेला माणूस निष्काळजी म्हणून सुटतो, तेव्हा मधल्या सात वर्षांचा हिशेब कुणाच्या खात्यावर मांडायचा, याची सोय कायद्यात कुठेच नाही.

हे असे का होते, ते कायद्याच्या घडणीत दडले आहे. तिसरे कलम हेरगिरीचे. त्यात संरक्षणाशी संबंधित बाब असेल तर चौदा वर्षांपर्यंत कैद. पाचवे कलम बाकी सगळ्यांचे. माहिती देणारा, घेणारा, परत न करणारा, जवळ ठेवण्याचा हक्क नसताना ठेवणारा आणि काळजी न घेणारा, सगळे एका ओळीत, एकाच शिक्षेच्या मर्यादेत. शिवाय तिसऱ्या कलमात एक जबरदस्त तरतूद आहे. आरोपीची नेमकी कृती सिद्ध झाली नाही तरी त्याचे वर्तन, परिस्थिती किंवा त्याचा ज्ञात स्वभाव पाहून त्याचा हेतू देशविघातक होता असे धरता येते. म्हणजे तपास पहिल्या दिवशी तिसऱ्या कलमावर उभा करणे सोपे, आणि त्याचे पाचव्या कलमात विसर्जन होण्याची वाट पाहणे आरोपीच्या नशिबी. हेर आणि विसरभोळा यांना एकाच छपराखाली बसवले की पोलिसांची पहिली नजर हेरावरच पडणार.

या कायद्याने आणखी एक गंमत केली आहे. गुपित म्हणजे काय, हे तो सांगतच नाही. आपल्या कार्यालयांत अतिगोपनीय, गुप्त, गोपनीय, प्रतिबंधित असे शिक्के असतात, पण ते शिक्के प्रशासकीय सूचनांतून आले, कायद्यातून नाहीत. लाल शिक्का मारला म्हणून कागद कायद्याने गुपित होत नाही आणि शिक्का नसला म्हणून सुटतही नाही. गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तिसऱ्या कलमातला ‘गुप्त’ हा शब्द सांकेतिक लिपी आणि परवलीच्या शब्दांपुरता आहे. नकाशे, आराखडे यांना तो लागू करण्याची गरज नाही. म्हणजे नकाशा गुप्त नसला तरी त्याबद्दल शिक्षा होऊ शकते. लेखकाने या निकालावर बरीच पाने खर्ची घातली आहेत आणि ती वाचताना माझे डोके गरगरले. पण तो दोष लेखकाचा नाही.

मराठी कार्यालयात ‘गोपनीय’ हा शब्द खरे तर वेगळ्याच कामाला जुंपलेला आहे. गोपनीय म्हणजे सीआर, वार्षिक गोपनीय अहवाल. साहेबाने शेरा काय मारला हे ज्याच्याबद्दल मारला त्यालाच कळू नये, ही आमच्या गोपनीयतेची पहिली शिकवण. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ‘देव दत्त’ प्रकरणात सांगितले, तोवर तीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या लोकांना आपले शेरे ऐकीवच माहीत होते. ज्या यंत्रणेला गुपित म्हणजे बढती रोखणारा शेरा एवढाच अर्थ सवयीचा झाला आहे, तिला क्षेपणास्त्राच्या फायलीचे आणि बदल्यांच्या यादीचे वजन एकसारखेच वाटू लागते. बदल्यांची यादी तर आदेश निघायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि त्याबद्दल कुणाला पाचवे कलम लागल्याचे मी ऐकलेले नाही.

उलट, जिथे हा कायदा लागूच होत नाही तिथे मात्र तो उत्साहाने लावला जातो. नागपूरहून दीड-दोन तासांवर वर्धा. तिथल्या पोलीस ठाण्यात शेजाऱ्यांमधल्या भांडणाची तक्रार चालू असताना एका माणसाने मोबाइलवर चित्रण केले, म्हणून २०१८ मध्ये त्याच्यावर गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. याच नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. ‘निषिद्ध ठिकाण’ कशाला म्हणायचे याची यादी कायद्यात आहे: तळ, गोदी, शस्त्रागार, दारूगोळ्याचे कारखाने वगैरे. त्या यादीत पोलीस ठाणे नाही, एवढेच न्यायालयाला सांगावे लागले. नागपूरच्या आसपास खरीखुरी निषिद्ध ठिकाणे काही कमी नाहीत. अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना, भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय, आणि वर्ध्याच्याच जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळ्याचे मोठे कोठार. पण गुन्हा नोंदवला गेला तो ठाण्याच्या बाकावरल्या मोबाइलमुळे.

मुंबईतले एक जुने प्रकरणही या पुस्तकात आहे, आणि ते मला सर्वांत अस्वस्थ करते. मे १९८८ मध्ये नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन बी. के. सुब्बाराव अमेरिकेला निघाले असताना त्यांना मुंबई विमानतळावर पकडण्यात आले. आण्विक पाणबुडीची गुपिते घेऊन जात असल्याचा आरोप होता. जप्त कागदांत पवईच्या आयआयटीत त्यांनी स्वतः सादर केलेला पीएच.डी.चा प्रबंध होता. वीस महिने ते कोठडीत होते. १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. सरकारचे सर्वोच्च न्यायालयातले अपीलही टिकले नाही. या माणसाने दरम्यान कायदा शिकून घेतला आणि पुढे वकिली केली. स्वतःच्या प्रबंधाची गोपनीयता सांभाळली नाही म्हणून एखादा माणूस वकील होतो, असे दुसऱ्या कुठल्या देशात घडले असेल तर मला कळवावे.

पुण्यातल्या एका वरिष्ठ संरक्षण शास्त्रज्ञाला मे २०२३ मध्ये याच कायद्याखाली झालेली अटक वाचकांना आठवत असेल. त्या प्रकरणाबद्दल लेखकाने निष्कर्ष काढलेला नाही, आणि ते योग्यच केले.

हा कायदा आला कुठून, याचा एक वेगळा प्रकरणभर इतिहास पुढे आहे. मी मोजक्याच गोष्टी सांगतो. १८८९ चा पहिला कायदा, १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात त्याला आवळलेला फास, आणि १९२३ चा आजचा मजकूर हा सगळा वारसा इंग्रजांचा. ज्या १९११ च्या ब्रिटिश कायद्यावरून आपले पाचवे कलम बेतले, तो त्यांच्या सभागृहाने ऑगस्टमधल्या एका दुपारी, तासाभराच्या आत मंजूर केला होता. त्यातले ते सर्वव्यापी दुसरे कलम त्यांनी १९८९ मध्ये काढून टाकले. त्याआधी १९८५ मध्ये फॉकलंडच्या युद्धातली कागदपत्रे खासदाराला देणाऱ्या क्लाइव्ह पॉन्टिंग या अधिकाऱ्याला ज्यूरीने सरळ निर्दोष ठरवले होते. नव्या कायद्यात काळजी न घेणाऱ्या नोकराला त्यांनी वेगळे कलम दिले आणि शिक्षा ठेवली जास्तीत जास्त तीन महिन्यांची. आपण मात्र १९६७ मध्ये दुरुस्ती करताना पाचव्या कलमाची शिक्षा दोनावरून तीन वर्षांवर नेली. अमेरिकेत शिक्षा अधिक कडक, दहा वर्षांपर्यंत. पण तिथे निष्काळजीपणा ‘घोर’ असावा लागतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलविषयी एफबीआयच्या संचालकांनी ‘अत्यंत बेफिकीर’ असे शब्द वापरले, तरी खटल्याची शिफारस केली नाही. तो निर्णय बरोबर की चूक यावर तिकडे अजून भांडणे होतात. निदान भांडायला एक शब्द आहे. आपल्याकडे ‘वाजवी’ या शब्दावर भांडण होत नाही, कारण तो न्यायाधीशापुढे येतो तेव्हा माणूस तुरुंगात जाऊन आलेला असतो.

आता ‘वाजवी’ म्हणजे किती? इथे मला लेखकाहून थोडे जास्त बोलायचे आहे.

कागदाच्या जमान्यात वाजवी काळजी डोळ्यांनी दिसत असे. गुप्त पत्राला दोन लिफाफे. आतल्यावर वर्गीकरणाचा शिक्का, अधिकाऱ्याचे नाव आणि लाखेची मोहोर. बाहेरच्यावर फक्त पत्ता, म्हणजे पोस्टमनलाही काही कळू नये. गोपनीय नस्ती कुठल्या कपाटात, किल्ली कुणाकडे, आवक-जावक नोंदवहीत सही कुणाची, हे सांगता येई. चूक झाली तर कोणत्या टेबलावर झाली ते दोन तासांत कळत असे. एकदा आमच्या कार्यालयात एक बंद लिफाफा हरवला. तो तीन दिवसांनी शिपायाच्या डब्याच्या पिशवीत सापडला. भाजीचा रस सील फोडून आत गेला होता. चौकशी झाली, शिपायाला ठपका मिळाला, आणि लिफाफा नको त्या दिवशी त्याच्या हाती कुणी दिला हे कुणी विचारले नाही. तेव्हा मी गप्प राहिलो. आता वाटते, तो प्रश्नच महत्त्वाचा होता.

लॅपटॉपने टेबलांची ती ओळच पुसून टाकली. प्रशिक्षणात दिलेली माहिती, घरी पूर्ण करायचे काम, साहेबांनी रात्री दहाला मागितलेला तक्ता, पेन ड्राइव्हवर उतरवलेली प्रत. कार्यालयाचे संगणक जुने, परवानगीला आठवडा, आणि मुदत उद्याची. अशा वेळी खासगी यंत्रात फाइल गेली तर चूक झाली, हे खरे. पण यंत्रणेनेच ती फाइल बाहेर जाऊ दिली, जाताना अडवली नाही आणि वर्षानुवर्षे ती कुठे आहे हे पाहिलेही नाही, तर निष्काळजीपणा फक्त एका माणसाचा कसा? ब्राह्मोस प्रकरणात नेमके काय घडले यावर मी बोलत नाही. न्यायालयाने पुरावे पाहून निर्णय दिला आहे. माझा प्रश्न कलमाच्या रचनेला आहे. ५(१)(ड) मध्ये उभा राहतो तो एकच माणूस. संस्थेला त्या पिंजऱ्यात जागा नाही. पंधराव्या कलमात कंपन्यांचा उल्लेख आहे, पण त्यांच्या जबाबदार अधिकाऱ्यांनी डेटा राखायची व्यवस्था नीट लावली होती का, हे तपासण्यासाठी त्याचा वापर झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वास्तविक निष्काळजीपणाला कायद्याने दुसराही दरवाजा दिलेला आहे, तो म्हणजे विभागीय चौकशी. केंद्राच्या १९६४ च्या आचारसंहितेत अनधिकृतपणे माहिती देण्यावर बंदी आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही गोपनीय कागद टाकू नयेत असे आहे. वेतनवाढ रोखणे, पदावनती, बडतर्फी, निवृत्तिवेतनात कपात इतक्या पायऱ्या या दरवाजामागे आहेत. हा मार्ग धिमा आहे, त्यात वशिला चालतो, हे मी आत राहून पाहिले आहे. पण माणसाला हेर ठरवून पंधरवड्यात घराघरांत पोहोचवण्याची ताकद त्याच्यात नाही, आणि मला ती जमेची बाजू वाटते.

इथे लेखकाशी माझा मतभेद आहे. हा संपूर्ण कायदा रद्द करावा, असे तो म्हणतो. वीरप्पा मोइली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही २००६ मधल्या आपल्या पहिल्याच अहवालात तसेच सुचवले होते: कायदा काढावा आणि हेरगिरीचा भाग राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घालावा. माहितीचा अधिकार येऊन तेव्हा वर्ष झाले होते. त्या कायद्याचे बाविसावे कलम गुपिते कायद्यावर मात करते आणि आठव्या कलमात सार्वजनिक हिताचे पारडे जड असल्यास गुपितही उघड करता येते. २०१९ मध्ये राफेल विमानखरेदीच्या फुटलेल्या कागदांवरून सरकारने आक्षेप घेतला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते कागद विचारात घ्यायला नकार दिला नाही. हे सगळे लेखक नीट मांडतो. तरी मी म्हणेन, ‘ड’ खंड ठेवा; फक्त त्याला स्वतंत्र घर द्या. त्याची चौकशी तिसऱ्या कलमाच्या पोलिसाकडे देऊ नका. शिक्षेला ब्रिटिशांइतकी कमी मर्यादा घाला, आणि जबाबदारीत वरच्या टेबलाचे नाव आधी लिहा. कारण निष्काळजीपणाला शिक्षा असूच नये, असे मला वाटत नाही. पुलगावच्या कोठाराला ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर लागलेली आग मी विसरलेलो नाही. दारूगोळ्याच्या बाबतीत हयगयीची किंमत काय असते हे वर्ध्याच्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. माहितीचेही तसेच आहे. फक्त तिचा धूर दिसत नाही.

पुस्तकात कायद्याची भाषा शक्य तितकी सोपी केली आहे. तिसरे प्रकरण जड आहे, ते घाईने वाचू नये. सहावे, खटल्यांच्या हकीकतींचे, आधी वाचले तरी चालेल. शेवटच्या परिशिष्टात रुजू होताना सही करायच्या त्या अर्ध्या पानाचा मजकूर आहे. तो छापावा की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. मी आग्रह धरला, कारण सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो वाचण्याची ही पहिलीच वेळ असेल.

एक गोष्ट मात्र राहिली. या कायद्याच्या चौदाव्या कलमाने न्यायालयाला मुभा दिली आहे की, अभियोग पक्षाने मागितल्यास लोकांना बाहेर काढून, दारे लावून खटला चालवावा. साक्षी, जबाब, उलटतपासणी, सगळे बंद दारामागे चालू शकते. त्याच कलमात पुढे एक अट आहे: शिक्षा मात्र प्रत्येक वेळी उघड्या न्यायालयातच सुनवावी. आरोपीच्या बाजूचे पुरावे कुणी ऐकलेले नसतात, आणि शिक्षेच्या वेळी दार उघडते, तेव्हा बाहेर पत्रकार उभे असतात.